झोप यावी म्हणून लावायचं संगीत कसं निवडावं

डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. आपण गाढ झोपेत असतानाही आजूबाजूचे आवाज मेंदूपर्यंत पोहोचत राहतात. त्यांतला कोणता महत्त्वाचा आणि कोणता सोडून देण्याजोगा, हे मेंदू तपासत राहतो. १९६० मध्ये इयान ऑस्वल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांना एकामागून एक नावं ऐकवली. स्वतःचं नाव आलं की मेंदूच्या विद्युतलहरींमध्ये जास्त ठळक प्रतिसाद उमटतो, असं त्यांना दिसलं. माणूस झोपेत, पण कानापाशी पहारेकरी जागा.

झोपताना कोणतं संगीत लावावं, या प्रश्नाचं उत्तर इथूनच सुरू होतं. एरवी आपण संगीत निवडतो ते सुंदर आहे म्हणून, मनाला भिडतं म्हणून, पुन्हापुन्हा ऐकावंसं वाटतं म्हणून. झोपेसाठी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: काय लावलं, तर या पहारेकऱ्याला सारखं दचकून बघावं लागणार नाही? लक्ष देऊन ऐकायचं संगीत आणि लक्ष सुटावं म्हणून लावायचं संगीत यांची गल्लत झाली की अत्यंत आवडतं गाणं लावूनही माणूस तासभर टक्क जागा राहतो.

शरीरात काय घडतं

झोप जवळ येते तशी नाडी मंदावते, श्वास लांब आणि एकसारखा होतो, स्नायू सैल पडतात, शरीराच्या आतलं तापमान किंचित उतरतं. हे सगळं आपोआप होतं. मात्र त्याच्या आड काही येता कामा नये, आणि आड येतात त्या मुख्यतः दोन गोष्टी: बाहेरचे अवचित आवाज आणि डोक्यातले विचार.

संगीत या दोन्हींवर काम करतं. अगदी शांत खोलीत दार वाजलं, तर आधीची शांतता आणि तो आवाज यांतला फरक फार मोठा असतो आणि जाग येते ती त्या फरकामुळे. हलकं संगीत सुरू असेल तर तो फरक कमी होतो. विचारांचंही तसंच. आपलं लक्ष एका वेळी फार ठिकाणी राहू शकत नाही. त्यातला थोडा भाग सुरांनी व्यापला, तर उद्याच्या कामांची उजळणी करायला उरलेली जागा कमी पडते. मात्र हा भाग थोडाच व्यापला गेला पाहिजे. संगीताने सगळं लक्ष ओढून घेतलं, तर विचार थांबतात पण झोपही थांबते.

तिसरा परिणाम लयीचा. ‘हृदयाचे ठोके गाण्याच्या ठोक्यांशी जुळतात’ असं सर्रास सांगितलं जातं. ते तितकंसं खरं नाही. ठोक्याला ठोका असा जुळत नाही, पण लय बदलली की शरीर बदलतं हे मात्र खरं. लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ संगीतकार आणि १२ संगीत न शिकलेली माणसं होती. त्यांना वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकवलं, त्यात आपलं रागसंगीतही होतं. लय जितकी जलद, तितका श्वास, रक्तदाब आणि नाडी वाढत होती. संगीताचा प्रकार कोणता आणि तो ऐकणाऱ्याच्या आवडीचा आहे की नाही, यापेक्षा लयीचा परिणाम मोठा होता. आणि सगळ्यांत शांत अवस्था कधी आली? मध्ये दोन मिनिटं संगीत बंद ठेवलं तेव्हा. सुरुवातीच्या शांततेपेक्षाही ही मधली शांतता शरीराला अधिक निवांत करून गेली. मला या प्रयोगातला हाच भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. संगीत रात्रभर चालू ठेवायची गरज नाही, ते थांबल्यानंतरची शांतता हाही त्याच्या परिणामाचाच भाग आहे.

लय किती, आणि लयीपलीकडे काय

झोपेसाठी संगीत वापरलेल्या अभ्यासांमध्ये साधारण मिनिटाला ६० ते ८० ठोक्यांची लय घेतलेली आढळते. निवांत बसलेल्या प्रौढ माणसाची नाडी बहुधा याच पट्ट्यात असते. घड्याळाचा सेकंदकाटा मिनिटाला ६० वेळा टिकटिकतो. गाण्याचे ठोके त्याच्या आसपास किंवा त्याहून थोडे जलद असतील तर चालेल, दुप्पट असतील तर नको. याहून काटेकोर मोजमाप करायची गरज नाही. ठोकाच नसलेलं संगीत, नुसते लांबवलेले सूर, हेही उत्तम चालतं.

पण लय संथ असणं पुरेसं नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात. मेंदू संगीत ऐकताना सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो: आता हा सूर येईल, आता ठोका पडेल. अंदाज खरा ठरला की तो निश्चिंत होतो, चुकला की सावध होतो. संगीताची बरीचशी गंमत या अपेक्षा आणि धक्क्याच्या खेळातच आहे. तबल्यावरची तिहाई घ्या. एकच बोल तीनदा येतो आणि तिसऱ्या वेळी नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, उतरतो. दुसऱ्या वेळेपासूनच ऐकणारा श्वास रोखून समेची वाट बघतो आणि सम आली की मान आपोआप हलते. मैफिलीत हा परमानंद आहे. उशीवर डोकं टेकल्यावर हीच गोष्ट घात करते, कारण वाट बघणारा मेंदू झोपत नाही.

म्हणून झोपेच्या संगीतात बघायचा मुख्य गुण म्हणजे पुढे काय येणार याची चिंता न लावणं. आवाजाची पातळी जवळपास एकच राहावी. वाद्यं थोडी असावीत आणि मध्येच नवं वाद्य घुसू नये. सूर एकमेकांच्या जवळचे असावेत, मोठ्या उड्या नसाव्यात. तार सप्तकातल्या टोकदार सुरांपेक्षा मंद्र आणि मध्य सप्तकातले गोलसर सूर बरे. थाप, टाळी, झांज असे झटकन सुरू होणारे आवाज नसलेलेच चांगले, कारण दचकणं आवाज किती मोठा आहे यावर जसं अवलंबून असतं, तसंच तो किती अचानक उमटतो यावरही. तानपुऱ्याचा झंकार, धिम्या सुरातली बासरी, सरोद किंवा सारंगीवरचा संथ आलाप, पियानोवरच्या सावकाश वाजवलेल्या रचना, नुसत्या तंतुवाद्यांचे लांबवलेले सूर, हे सगळं या वर्णनात बसतं.

रागसंगीत लावणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. ख्याल किंवा वाद्यवादनाचं पूर्ण ध्वनिमुद्रण हे झोपेच्या उलट दिशेने जातं. आलाप, मग विलंबित, मग मध्य लय, मग द्रुत, आणि सतार-सरोदवर शेवटी ‘झाला’ हा सगळ्यांत वेगवान भाग. म्हणजे तुमची झोप लागायची वेळ आणि वादनाचा सर्वांत तापलेला भाग एकाच सुमारास येतात. पाश्चात्त्य सिम्फनीचंही तेच: संथ भाग मध्ये येतो आणि शेवट बहुधा दणक्यात होतो. त्यामुळे पूर्ण मैफल लावण्यापेक्षा फक्त आलापाचा किंवा फक्त संथ भागाचा तुकडा निवडा. जुन्या प्रत्यक्ष मैफिलींच्या मुद्रणात टाळ्याही असतात, त्या विसरू नका.

शब्द असलेली गाणी

शब्द आले की मेंदूचा भाषेचा विभाग कामाला लागतो. ओळीचा अर्थ, त्या गाण्याशी जोडलेली माणसं, ते पहिल्यांदा ऐकलं तो काळ, एकेक धागा उलगडत जातो. त्यामुळे सर्वसाधारण सल्ला असा की गाणी टाळून वाद्यसंगीत घ्यावं. मला हा सल्ला पटतो, पण एका दुरुस्तीसह.

अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डोक्यात घोळत राहणाऱ्या सुरावटींचा शोध घेतला. एखादं गाणं संपलं तरी मनात आपोआप वाजत राहतं, हा अनुभव सगळ्यांना असतो. झोपेच्या वेळी ज्यांच्या डोक्यात असं गाणं घोळतं, त्यांची झोप जास्त बिघडलेली होती. प्रयोगशाळेत त्यांनी काहींना लोकप्रिय गाणी मूळ रूपात आणि काहींना त्याच गाण्यांची शब्द काढलेली वाद्यरूपं ऐकवली. अंदाजाच्या विरुद्ध, वाद्यरूपांनी डोक्यात घोळण्याचा त्रास जास्त दिला. ओळखीची चाल आली आणि शब्द आले नाहीत, तर ते मेंदू स्वतःच भरत बसतो असं यावरून वाटतं. तेव्हा प्रसिद्ध गाण्यांच्या बासरीवरच्या किंवा पियानोवरच्या ‘शांत आवृत्त्या’ झोपेसाठी फारशा उपयोगाच्या नाहीत. वाद्यसंगीत घ्या, पण ज्याचे शब्द तुम्हाला पाठ आहेत असं नको.

शब्द हवेच असतील, गाणाऱ्या माणसाच्या आवाजातच जीव शांत होत असेल, तर अपरिचित भाषेतलं संथ गाणं हा चांगला मार्ग आहे. आवाजाची ऊब मिळते, अर्थाचं ओझं नसतं. अंगाईगीतांवरचं संशोधन याला पूरक आहे. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये जगभरातल्या ८६ छोट्या समाजांमधली गाणी ६० देशांतल्या ७५० जणांना ऐकवली. भाषा कळत नसतानाही यातली अंगाई कोणती हे लोकांनी बऱ्यापैकी ओळखलं. पुढे तान्ह्या मुलांना परक्या भाषांमधल्या अंगाया आणि इतर गाणी ऐकवली, तेव्हा अंगायांनी त्यांची नाडी अधिक मंदावली. शांतवणारं गाणं ओळखायला भाषा यावी लागत नाही.

पुरावा किती पक्का आहे

या विषयावर दावे भरमसाट आहेत, म्हणून अभ्यासांकडे नीट बघायला हवं. तैवानमध्ये हुई-लिंग लाई आणि मेरियन गुड यांनी ६० ते ८३ वयाच्या ६० जणांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी तीन आठवडे रोज रात्री ४५ मिनिटं संथ संगीत ऐकलं. ते कोणत्या प्रकारचं हे त्यांनी स्वतः निवडलं होतं. त्यांची झोप सुधारली आणि ही सुधारणा आठवडागणिक वाढत गेली. २००८ मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी झोपेच्या तक्रारी असलेल्या ९४ विद्यार्थ्यांचे गट केले. एकाने तीन आठवडे रात्री ४५ मिनिटं संथ शास्त्रीय संगीत ऐकलं, दुसऱ्याने ध्वनिपुस्तकं, तिसऱ्याने काहीच नाही. फरक पडला तो संगीताच्या गटात.

कॉक्रेन ही संस्था अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेते. तिच्या २०२२ च्या आढाव्यात निद्रानाश असलेल्या १,००७ जणांवरच्या १३ चाचण्या आहेत. त्यातून निघालेलं उत्तर असं: संगीत ऐकणाऱ्यांना आपली झोप सुधारल्याचं स्पष्टपणे जाणवतं. पण झोप किती मिनिटं लवकर लागली, किती तास झाली, याबद्दलचा पुरावा बराच कमकुवत आहे. काही जण हे वाचून म्हणतील की मग हा नुसता समजच. मी तसं मानत नाही. निद्रानाशाचा मोठा भाग झोपेबद्दलच्या चिंतेचाच असतो, आणि सकाळी उठून ‘बरी झोप झाली’ असं वाटणं ही त्या माणसासाठी छोटी गोष्ट नव्हे.

आता लोक प्रत्यक्षात काय लावतात? २०२३ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी स्पॉटिफायवरच्या झोपेसाठीच्या ९८५ याद्या तपासल्या, त्यांत सव्वादोन लाखांहून जास्त मुद्रणं होती. सरासरीने हे संगीत इतर संगीताहून हळू, कमी आवाजाचं आणि बहुतांश शब्दांविना होतं. पण याच याद्यांमध्ये जलद आणि जोरकस लोकप्रिय गाण्यांचाही एक गट निघाला. संशोधकांनी सुचवलेलं स्पष्टीकरण असं, की गाणं ओळखीचं असणं कामी येतं. हजारदा ऐकलेलं गाणं जलद असलं तरी त्यातलं काहीच अनपेक्षित राहत नाही. एखाद्याला अशा गाण्यावर खरोखर झोप लागत असेल, तर ते ‘चुकीचं’ म्हणून सोडायचं कारण नाही.

आता काही दाव्यांबद्दल थोडक्यात. ४४० ऐवजी ४३२ हर्ट्झवर (सेकंदाला तितक्या कंपनांवर) जुळवलेलं संगीत शरीराला जास्त मानवतं, असं म्हणतात. दोन्हींतला फरक एका अर्धस्वराच्या जेमतेम तिसऱ्या भागाइतका आहे, आणि ४४० हा आकडा वाद्यं एकमेकांशी जुळावीत म्हणून १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ठरलेला एक सोयीचा संकेत आहे. झोपेच्या दृष्टीने या फरकामागे धावू नका. ‘डेल्टा लहरींचं संगीत’ हा दुसरा दावा. गाढ झोपेत मेंदूच्या विद्युतलहरी सेकंदाला साधारण चारपेक्षा कमी असतात, त्यांना डेल्टा म्हणतात. माणसाला ऐकू येणारा आवाज सेकंदाला सुमारे २० कंपनांपासून सुरू होतो, तेव्हा असा सूर ऐकवणं शक्यच नाही. दोन कानांत किंचित वेगळे सूर सोडून मेंदूत तसा ठेका भासवण्याची युक्ती आहे, तिच्यासाठी हेडफोन लागतात आणि तिच्या परिणामाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. पावसासारखा सलग ‘व्हाइट नॉइज’ अनेकांना आवडतो. त्याच्यावरच्या ३८ अभ्यासांचा २०२१ मध्ये आढावा घेतला गेला आणि पुराव्याची गुणवत्ता फारच कमी ठरली. रस्त्यावरचा आवाज झाकायला तो वापरायला हरकत नाही, चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

प्रत्यक्ष लावताना

चांगलं संगीत निवडूनही रात्र बिघडते ती यंत्रामुळे. मध्येच येणारी जाहिरात हा यातला सगळ्यांत मोठा शत्रू, कारण ती मुद्दाम लक्ष वेधण्यासाठीच बनवलेली असते. म्हणून जे लावायचं ते आधी उतरवून ठेवा. यादी संपल्यावर ॲप आपल्या मनाने पुढचं काही लावतं, ती सोय बंद करा. वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे जोडलेल्या यादीत एक मुद्रण हळू, दुसरं मोठं असा प्रकार होतो. आवाजाची पातळी समान करण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते, ती सुरू ठेवा. त्याहून सोपं म्हणजे एकच सलग, तास-पाऊण तासाचं मुद्रण.

आवाज किती? संगीत ऐकू यावं, पण त्यातले बारकावे ऐकायला कान टवकारावे लागावेत इतकं कमीही नको आणि शेजारी हळू बोललेलं बुडावं इतकं जास्तही नको. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शनात झोपण्याच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबलच्या आत असावा असं म्हटलं होतं, म्हणजे कुजबुजीच्या पातळीचा. झोप लागेपर्यंत संगीत त्याहून थोडं वर असेल. ते नंतर बंद होणं महत्त्वाचं ठरतं ते यासाठीच.

४५ मिनिटांचा टायमर लावा. शक्य असेल तर आवाज हळूहळू विरत जाऊन थांबेल असा, कारण एकदम आलेली शांतताही कधीकधी जागं करते. रात्रभर संगीत सुरू ठेवल्याचा आणखी एक तोटा आहे. झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं असतं आणि आवर्तनांच्या मध्ये आपण सगळेच क्षणभर जागृतीच्या जवळ येतो. तेव्हा कानावर सूर पडले तर पुन्हा बुडण्याऐवजी माणूस ते ऐकू लागतो.

इअरफोनपेक्षा थोडा दूर ठेवलेला छोटा स्पीकर मला केव्हाही बरा वाटतो. कुशीवर वळलं की कानातला इअरफोन टोचतो, वायर असेल तर गळ्याभोवती अडकते. बाजूच्या माणसाची झोपमोड नको म्हणून कानाशीच हवं असेल, तर कापडी पट्टीत बसवलेले चपटे हेडफोन मिळतात. फोन मात्र हाताच्या अंतरावर नको, गाणं बदलण्याच्या निमित्ताने तो उचलला की पडदा उजळतो आणि संदेशही दिसतात.

एकदा निवड झाली की ती किमान तीन आठवडे बदलू नका. दोन रात्री लावून ‘काही उपयोग नाही’ म्हणणं घाईचं आहे. रोज तेच सूर, तीच वेळ, तोच अंधार असं होत गेलं की शरीर त्यांची सांगड घालतं आणि पहिले सूर ऐकूनच सैलावायला लागतं. तेच मुद्रण दिवसा काम करताना लावलं तर ही सांगड ढिली पडते, म्हणून ते रात्रीसाठीच राखून ठेवा. वीसेक मिनिटांत झोप आली नाही, तर गाणी बदलत पडून राहण्यापेक्षा उठून मंद प्रकाशात थोडा वेळ बसावं आणि डोळे जड झाले की परत यावं.

तान्ह्या मुलांसाठी आवाज करणारी यंत्रं वापरताना जास्त काळजी हवी. २०१४ मध्ये अशा १४ यंत्रांची तपासणी झाली, तेव्हा पूर्ण आवाजात ३० सेंटिमीटरवरून ती सगळीच ५० डेसिबलच्या वर गेली. रुग्णालयांमधल्या बालकक्षासाठी सुचवलेली मर्यादा ५० आहे. तीन यंत्रं तर ८५ च्या वर होती. यंत्र पाळण्यापासून दोन मीटर तरी दूर, सर्वांत कमी आवाजात, आणि बाळ झोपलं की बंद. कुणी गायला तयार असेल तर यंत्राची गरजच पडत नाही.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिन्यांहून अधिक काळ झोपेची तक्रार असेल, तर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. त्यावरचा पहिला उपचार म्हणून वैद्यकीय मार्गदर्शनात निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत सुचवली जाते. संगीत तिच्या जोडीला राहू शकतं, तिच्या जागी नाही. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, पुरेसे तास झोपूनही दिवसभर पेंग येणं, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांकडे जावं, कारण श्वास अडकण्याच्या आजारावर कोणतेच सूर चालत नाहीत.